जिनिंगच्या खरेदी डेटाबेसची दुरुस्ती: कामाच्या नोंदी, नोव्हेंबर-डिसेंबर 2024

राळेगाव तालुक्यातलं एक जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना. कापूस खरेदीचा सगळा हिशोब अ‍ॅक्सेस 2016 या डेटाबेसच्या प्रोग्राममधल्या एका एसीसीडीबी फाईलमध्ये. वापरणारे पाच संगणक: काटा (गाड्यांचं वजन), ग्रेडर (कापसाचा दर्जा पाहणारा), हिशोबाच्या दोन खिडक्या आणि शेठचा लॅपटॉप. फाईल ठेवलेली त्याच लॅपटॉपवर. ज्याने ही बनवली तो मुलगा आता पुण्याला नोकरीला आहे आणि फोन उचलत नाही, त्यात त्याचंही काही चुकलं असं मला वाटत नाही. एकट्याने वापरायला फाईल उत्तम होती. जिथे असंच काम अडकलेलं असेल त्यांच्यासाठी या नोंदी.

11 नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतरची आवक सुरू. फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, आणि आत दिवाणजी दर अर्ध्या तासाने खिडकीतून ओरडतात, "निघा रे!" हा आवाज आला की सगळ्यांनी फाईल बंद करायची, मग दिवाणजी आपलं काम करणार, मग "या रे". गेला पूर्ण हंगाम यांनी असाच काढला.

नवीन काही करण्याआधी दुपारपर्यंत नुसतं बसून पाहिलं. जे संदेश येत होते त्यांचे मोबाईलवर फोटो काढले आणि कोणत्या मशीनवर, किती वाजता, ते वहीत लिहिलं. हे आधी करा. कारण सगळे जण "डेटाबेस अटकला" एवढंच सांगतात, आणि त्या एका वाक्यात इथे निदान चार वेगवेगळे आजार निघाले:

एक, अ‍ॅडमिन नावाच्या वापरकर्त्याने अमुक मशीनवरून डेटाबेस अशा स्थितीत ठेवला आहे की तो उघडता येत नाही. दोन, दुसऱ्या कोणीतरी ही नोंद बदलली आहे, आता काय करू? तीन, डिस्क किंवा नेटवर्कची चूक, क्रमांक 3043. चार, काहीच संदेश नाही, फाईल उघडते पण फक्त वाचायला.

12 नोव्हेंबर

पहिल्या संदेशावरून ऑफिसात भांडण झालेलं होतं. दिवाणजींनी विचारलं, "हा अ‍ॅडमिन कोन हाय बा? आपल्याकडे तं असा कोनी नाई." अ‍ॅक्सेसमध्ये वेगळी सुरक्षा लावली नसेल तर प्रत्येक जण अ‍ॅडमिनच असतो. कामाचं असतं ते मशीनचं नाव, आणि इथे सगळ्या मशीनची नावं डेस्कटॉप आणि पुढे अक्षर-आकड्यांची शेपटी. कोण कोणाला अडवतोय ते कळणार कसं?

म्हणून सगळ्यांची नावं बदलली: काटा, ग्रेडर, खिडकी1, खिडकी2, शेठ. प्रत्येकी एक रीस्टार्ट. खर्च शून्य, आणि पुढच्या सगळ्या कामात याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

कुलुपाची फाईलही आज समजून घेतली. पहिला माणूस डेटाबेस उघडतो तेव्हा शेजारी त्याच नावाची एलएसीसीडीबी फाईल तयार होते, शेवटचा बाहेर पडला की पुसली जाते. तिची प्रत काढून नोटपॅडमध्ये उघडली तर मशीनची नावं दिसतात. पण तेवढ्यावर विसंबू नका, बाहेर गेलेल्याचं नाव तिथे तसंच राहतं, जागा दुसऱ्याने घेईपर्यंत. खरंच कोण आत आहे ते फाईल ठेवलेल्या मशीनवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, त्यात ओपन फाइल्स इथे दिसतं. आणि डेटाबेस अडलाय पण कुलुपाची फाईलच नाही, असं दिसलं तर कोणीतरी तो एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त स्वतःसाठी, उघडलाय. खिडकी2 वर तसंच निघालं. क्लायंट सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ओपन मोड एक्सक्लुझिव्ह होता. शेअर्ड केला.

संध्याकाळी पहिला संदेश पुन्हा आला, मशीन खिडकी1. जाऊन पाहिलं तर दिवाणजी पट्टीच्या (खरेदीच्या पावतीच्या) छापील नमुन्यात गावाच्या नावाचा रकाना रुंद करत होते, डिझाईन व्ह्यूमध्ये. चालू फाईलचं डिझाईन कोणी उघडलं की अ‍ॅक्सेस ती पूर्ण स्वतःच्या ताब्यात घेऊ पाहतं. दिवाणजींचं म्हणणं, "मंग आमी गावाचं नाव अर्धंच छापाचं का?" मुद्दा बरोबर होता. तात्पुरतं एवढंच ठरलं की डिझाईन संध्याकाळी काटा बंद झाल्यावर.

13 नोव्हेंबर

चौथा आजार: ग्रेडरच्या मशीनवर फाईल फक्त वाचायला. फोल्डर शेअर करताना त्या खात्याला फाईल बदलायची परवानगी दिली होती, फोल्डरमध्ये नवी फाईल करायची आणि पुसायची दिलेली नव्हती. त्यामुळे तो पहिला आला तर कुलुपाची फाईल तयारच करू शकत नव्हता. विंडोजमध्ये दोन ठिकाणी परवानग्या असतात, शेअरिंगची आणि सिक्युरिटीची, आणि दोन्हीतली जी कडक ती लागू होते. इथे शेअरिंगला सगळं मोकळं होतं, सिक्युरिटीत अडकलेलं. फोल्डरवर मॉडिफाय दिलं. फाईलवर देऊन भागत नाही, फोल्डरवरच द्यावं लागतं.

14 नोव्हेंबर

3043 च्या मागे लागलो. काटाघर आवाराच्या दुसऱ्या टोकाला, वाय-फायवर. राउटर शेठच्या केबिनमध्ये. सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसायच्या म्हणून आधी कोणाला संशय आला नव्हता.

काट्याच्या मशीनवर पिंग (दुसऱ्या मशीनला हाक मारून उत्तर येतं का पाहणारी आज्ञा) सतत चालू ठेवून बसलो. उत्तरं नीट येत होती. मग एक भरलेला ट्रक काट्यावर चढला आणि खिडकीसमोर लोखंडाची भिंतच उभी राहिली. ओळीने चार वेळा "रिक्वेस्ट टाइम्ड आऊट". ट्रक उतरला, पुन्हा सुरळीत. बैलगाडी आली, काही फरक नाही. पुढचा ट्रक, पुन्हा तेच. म्हणजे नेमकं वजन जतन करायच्या क्षणीच नेटवर्क जात होतं. काट्यावरच्या पोराला हे आधीच माहीत होतं. "ट्रक आला का अटकते, ट्रॅक्टरले नाई अटकत." त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

ब्राउझरला दोन सेकंद नेटवर्क गेलं तरी चालतं. अ‍ॅक्सेसला चालत नाही. फाईल दूरच्या मशीनवर असली तरी तिची पानं वाचायचं-लिहायचं काम तुमचंच मशीन करत असतं, आणि लिहिता लिहिता तार तुटली तर पान अर्धवट राहतं. वाय-फायवर सामायिक अ‍ॅक्सेस फाईल लिहू देऊ नये. यात मला तडजोड मान्य नाही.

16 नोव्हेंबर, शनिवार

केबल. ऑफिस ते काटाघर सरळ अंतर साठ मीटरच्या आत, पण वर चढणं-उतरणं आणि वळसे धरून नव्वद मीटर बाहेरच्या वापराची कॅट-6 आणली. तांब्याच्या या केबलची मर्यादा शंभर मीटर आहे, त्यामुळे आवार याहून मोठं असेल तर मध्ये स्विच (नेटवर्कच्या तारा जोडणारी पेटी) किंवा फायबर लागेल.

इलेक्ट्रिशियनला ती जिनच्या मोटारींच्या थ्री-फेज केबलच्याच पाइपातून न्यायची होती, "पाइप तं हायेच ना भाऊ." नको म्हटलं. वेगळा पीव्हीसी पाइप, ट्रॅक्टर जिथून जातात तिथे जमिनीखाली. अर्धा दिवस खोदण्यात गेला, कारण काळ्या मातीवर मुरूम टाकून रोलर फिरवलेला होता. ग्रेडर आणि खिडक्याही तारेवर घेतल्या. वाय-फाय आता फक्त मोबाईलसाठी.

शेठच्या लॅपटॉपवरून फाईल हलवण्याचंही आजच ठरलं. जेवायला गेले की लॅपटॉप झोपतो, आणि यवतमाळला गेले की लॅपटॉपही जातो. त्या दिवशी खरेदी कागदावर व्हायची. एक जुना डेस्कटॉप घेतला, त्याचं काम एकच, फाईल सांभाळणं. स्लीप बंद, नेटवर्क कार्डाची वीज वाचवण्याची खूणही काढली.

18 नोव्हेंबर

सकाळी अकराला लाइन गेली. पाचही संगणकांना यूपीएस आहे, त्यामुळे पडदे चालू राहिले, पण सगळीकडे एकदम 3043. कारण नवा स्विच थेट भिंतीतल्या प्लगात. संगणक जिवंत, मधला रस्ता मेलेला. यापेक्षा सगळेच बंद पडले असते तर कमी नुकसान झालं असतं. स्विचला वेगळा लहान यूपीएस लावला. फाईल दुरुस्त करताना आजच्या सकाळच्या काही पट्ट्या कागदावरून पुन्हा भरल्या. काटापट्टीची कार्बन कॉपी अजून ठेवतात ते बरं.

20 नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. जिनिंग बंद, आवारात कोणी नाही. फाईल पूर्ण एकट्याच्या ताब्यात मिळायला असा दिवस शोधावा लागतो. सकाळी मत देऊन आलो आणि बसलो.

आधी प्रत, दोन ठिकाणी. मग कॉम्पॅक्ट अँड रिपेअर, म्हणजे फाईल आवळून दुरुस्त करणं. मग डेटाबेस टूल्समधून विभागणी: तक्ते एका फाईलमध्ये, म्हणजे बॅक एन्ड, ती डेस्कटॉपवर. फॉर्म, क्वेरी, छापील नमुने दुसऱ्या फाईलमध्ये, म्हणजे फ्रंट एन्ड, आणि तिची स्वतंत्र प्रत प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर. विझार्डचं काम काही मिनिटांचं आहे. आता दिवाणजींनी आपल्या प्रतीत काही केलं तरी काट्याला कळणारही नाही. फ्रंट एन्ड वाटताना एसीसीडीई करून दिली, म्हणजे फॉर्म आणि नमुन्यांचं डिझाईन उघडतच नाही. गावाच्या नावाचा रकाना मूळ प्रतीत मी रुंद करून दिला. काट्यावर पूर्ण ऑफिस नाही, तिथे अ‍ॅक्सेसचं रनटाइम टाकलं, ते फुकट मिळतं.

दुपारनंतर पट्टीच्या क्रमांकांकडे वळलो. तक्रार अशी होती की एका शेतकऱ्याचा चुकारा (कापसाचे पैसे) दुसऱ्याच्या नावावर दिसतो. फॉर्म उघडताच डीमॅक्स या फंक्शनने सर्वांत मोठा क्रमांक काढून त्यात एक मिळवला जायचा. दोन्ही खिडक्यांनी एकाच वेळी नवी पट्टी उघडली तर दोघींना तोच क्रमांक, आणि तक्त्यात त्या रकान्यावर अद्वितीय इंडेक्स (एकच क्रमांक दोनदा येऊ न देणारा) नव्हता, त्यामुळे दोन्ही पट्ट्या मुकाट जतन. इंडेक्स लावायला गेलो तर अ‍ॅक्सेसने नकार दिला, आधीच दुहेरी नोंदी आहेत. फाइंड डुप्लिकेट्सने त्या काढल्या. एका जोडीत दोन्ही शेतकरी एकाच गावचे, आडनाव एकच, एकाचा कापूस अकरा क्विंटल, दुसऱ्याचा चार. चार क्विंटलवाल्याने मागच्या महिन्यात येऊन विचारलं होतं, तर त्यालाच वेड्यात काढलं होतं. दिवाणजींना फोन केला, त्यांनी उद्या बोलावतो म्हटलं.

दुरुस्ती: क्रमांक आता फॉर्म उघडताना घेतला जात नाही, बिफोर अपडेटमध्ये, जतन होण्याच्या ऐन क्षणी घेतला जातो. तरीही दोघांची टक्कर झालीच तर इंडेक्स 3022 ही चूक देतो, आणि कोड पुढचा क्रमांक घेऊन पुन्हा जतन करतो. इंडेक्स हवाच. कोडवर एकट्यावर हे सोडू नये.

21 नोव्हेंबर

सकाळी गोंधळ. ग्रेडरच्या मशीनवर एकही तक्ता उघडेना. जोडण्या झेड ड्राइव्हच्या नावाने केल्या होत्या, आणि त्या मशीनवर झेड म्हणजे भलतंच फोल्डर. लिंक्ड टेबल मॅनेजरमधून सगळ्या जोडण्या पूर्ण नेटवर्क पत्त्याने केल्या, दोन तिरप्या रेघा, मशीनचं नाव, फोल्डर. ड्राइव्हचं अक्षर वापरूच नका.

दुसरी गंमत अकराच्या सुमारास. खिडकी2 वरच्या काकांना आपल्या डेस्कटॉपवरची नवी प्रत आवडली नाही, त्यांनी नेटवर्कवर ठेवलेल्या मूळ फ्रंट एन्डचा शॉर्टकट करून घेतला, आणि तोच खिडकी1 लाही दिला. म्हणजे पुन्हा दोघं एका फाईलमध्ये. फ्रंट एन्डच्या शेजारी कुलुपाची फाईल दिसली म्हणून कळलं. आता प्रत्येक मशीनवर एक छोटी बॅच फाईल आहे, ती नवी प्रत आपल्या डिस्कवर आणते आणि मग उघडते. आयकॉन तोच, नाव तेच, काकांना फरक कळला नाही.

23 नोव्हेंबर

निकालाचा दिवस, सगळे मोबाईलला चिकटलेले, काट्यावर गर्दी कमी. ही संधी साधून वेगाकडे पाहिलं, कारण विभागणीनंतर पट्टीचा फॉर्म उघडायला चहा सांगून यावं एवढा वेळ लागत होता.

तीन गोष्टी केल्या. फ्रंट एन्ड सुरू होताच एक लपलेला फॉर्म बॅक एन्डच्या एका लहान तक्त्याला धरून ठेवतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही; त्याने कुलुपाची फाईल पुन्हा पुन्हा बनणं-पुसणं थांबतं. सगळ्या तक्त्यांची सबडेटाशीट नेम ही प्रॉपर्टी ऑटोवरून नन केली. आणि पट्टीचा फॉर्म आता फक्त आजच्या नोंदी घेऊन उघडतो, आधी तो सगळ्या हंगामांच्या नोंदी घेऊन यायचा. सर्वांत जास्त फरक पहिल्याने पडला.

26 नोव्हेंबर

उरला दुसरा आजार, "दुसऱ्या कोणीतरी नोंद बदलली आहे". खिडकीत तीन बटणं येतात: नोंद जतन करा, क्लिपबोर्डवर घ्या, बदल सोडून द्या. काट्यावरचा पोरगा दर वेळी पहिलं दाबायचा, आणि ग्रेडरने टाकलेला ओलावा गायब व्हायचा. ग्रेडर म्हणायचा, मी तर टाकला होता. दोघंही खरं बोलत होते.

कारण कामाच्या पद्धतीत होतं. गाडी येते, भरलेलं वजन होतं, ग्रेडर कापसाची प्रत (दर्जा) आणि ओलावा पाहतो, कापूस खाली होतो, मग रिकाम्या गाडीचं वजन. हे सगळं तक्त्याच्या एकाच ओळीत. पोरगा भरलेलं वजन टाकून फॉर्म तसाच उघडा ठेवायचा, गाडी रिकामी होऊन परत येईपर्यंत. ओळीच्या डाव्या कडेला पेन्सिलचं चिन्ह दिसत असेल तर नोंद अर्धवट आहे, जतन झालेली नाही; त्याच्या पडद्यावर ती पेन्सिल दिवसभर असायची.

लॉकिंगची सेटिंग बदलून हे सुटत नाही, करून पाहिलं. एडिटेड रेकॉर्ड केलं तर ग्रेडरला लिहिताच येईना, नो लॉक्स ठेवलं तर टक्कर. शेवटी तक्तेच वेगळे केले. वजनाचा एक, प्रतीचा एक, दोन्ही टोकन क्रमांकाने जोडलेले. काट्याचे दोन फॉर्म, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, प्रत्येकात आकडा टाकला की लगेच जतन आणि फॉर्म कोरा. दोन माणसं आता एका ओळीत येतच नाहीत.

भावाच्या तक्त्यालाही हाच रोग. शेठ सकाळी भाव बदलायचे आणि पेन्सिल तशीच ठेवून आवारात फिरायला जायचे. मग कोणालाच पट्टी करता येईना. अ‍ॅक्सेसचं एक पान 4 केबीचं असतं आणि भावाच्या साऱ्या ओळी मिळून एका पानातच मावतात; पानावर कुलूप पडलं की कापसाच्या सगळ्या प्रतींचे भाव अडकले. भावाचा फॉर्म तक्त्यापासून सोडवला, आकडे भरायचे आणि "लागू करा" बटण दाबायचं. पट्टी होताना त्या क्षणीचा भाव पट्टीतच उतरवला जातो. आधी तो भावाच्या तक्त्यातूनच वाचला जायचा, म्हणजे भाव बदलला की जुन्या पट्टीची छपाईही बदलायची. यावर आतापर्यंत कोणी भांडलं कसं नाही कोण जाणे.

2 डिसेंबर

तार, यूपीएस, विभागणी, सगळं झालं तरी अधूनमधून "डेटाबेस इनकन्सिस्टंट स्टेट" हा संदेश. कधी दुपारी, कधी संध्याकाळी, वेळेचा आणि लाइनचा काही संबंध नाही. स्विच बदलून पाहिला, केबलची टोकं पुन्हा दाबली, त्यात वेळ वाया गेला.

हा प्रकार 2018 च्या विंडोज 10 आवृत्ती 1803 पासून पुष्कळांना झालेला. नेटवर्कवरच्या फाईलचा भाग मशीनने स्वतःजवळ धरून ठेवायचा, याला लीझिंग म्हणतात, त्यातून अ‍ॅक्सेसची फाईल बिघडते. पुढे मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली, पण घेतलेला जुना डेस्कटॉप कोणी अपडेटच केला नव्हता. अपडेट रात्री लावून ठेवले, आणि तोवर विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात) लॅनमॅनसर्व्हरच्या पॅरामीटर्समध्ये डिसेबललीझिंग हे डीवर्ड 1 करून सर्व्हर सेवा पुन्हा सुरू केली. हे फाईल ठेवलेल्या मशीनवरच करायचं, बाकीच्यांवर करून उपयोग नाही. आणि सगळे बाहेर पडल्यावरच, कारण सेवा थांबली की सगळ्यांच्या जोडण्या तुटतात.

9 डिसेंबर

संदेश पुन्हा आलेला नाही. बॅक एन्ड 1.3 जीबी झाली होती, मर्यादा 2 जीबीची. चुकाऱ्यासाठी घेतलेले बँक पासबुकचे फोटो अटॅचमेंट म्हणून आत भरलेले. ते काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले, तक्त्यात फक्त पत्ता. कॉम्पॅक्ट केल्यावर फाईल शंभर एमबीच्या खाली आली. जुन्या फोल्डरमध्ये डेटाबेस1, डेटाबेस2 अशा नावांच्या फाईलींचा ढीग होता, तो कॉम्पॅक्ट ऑन क्लोज चालू ठेवल्याचा परिणाम. ते बंद केलं. कॉम्पॅक्ट आता रविवारी, हाताने, प्रत घेतल्यावर.

खर्च असा: केबल आणि पाइप 2,700, स्विच 1,600, स्विचचा यूपीएस 2,400, जुना डेस्कटॉप 14,000, खोदाई-मजुरी 1,500. एकूण 22,200 रुपये, माझी मजुरी वेगळी. शेठना कोणीतरी मोठं सॉफ्टवेअर घ्यायला सांगितलं होतं. पाच माणसं आणि दिवसाच्या काहीशे ओळी यांना अ‍ॅक्सेस पुरतं. खरेदी दुसऱ्या गावच्या केंद्रावरूनही सुरू झाली तर मात्र पुरणार नाही, इंटरनेटवरून ही बॅक एन्ड उघडायची नाही, आणि गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये तर मुळीच ठेवायची नाही. त्या वेळी तक्ते एसक्यूएल सर्व्हरवर नेऊ, फॉर्म हेच राहतील.

राहिलेलं: सरकीची विक्री अजून दिवाणजींच्या एक्सेलमध्ये आहे. ती इकडे घ्यायची, पण गाठींचा हिशोब सुरू होण्याआधी.